नानांची रडकी गाणी

नाना टेम्पो सुरू करण्याआधी स्टेअरिंगला कपाळ टेकवत, आरशाला लटकवलेल्या छोट्या पांडुरंगासमोर उदबत्ती फिरवत, गळ्यातली तुळशीची माळ शर्टाच्या आत सारत आणि पहिला अभंग लावत. काशीदचा घाट उतरेपर्यंत अभंगच. त्यात कुणी काही बोललेलं त्यांना खपत नसे. रेवदंड्याचा पूल आला की मात्र पांढरा पेन ड्राइव्ह निघे आणि काळा आत जाई. मग मांडव्यापर्यंत कुणाची तरी प्रेयसी कुणाला तरी दगा देऊन निघून गेलेली असे, आणि तो बिचारा सव्वा तास रडत असे.

मला ही गाणी सहन होत नसत. मी शाळामास्तर, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारा. तरुणपणी अलिबागला एका गुरुजींकडे चार वर्षं गाणं शिकलेला, त्यामुळे माझ्या कानाला जरा माज होता. मुलगी मुंबईला दिलेली. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी मी तिच्याकडे जायचो, आणि नाना मुरुडहून नारळ आणि शहाळी भरून, मुंबईची बोट सुटते त्या मांडव्याच्या जेट्टीवर न्यायचे. एसटीत उभं राहण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसणं बरं, म्हणून मी तो छळ सोसला. एक नाही, दोन नाही, चांगली अकरा वर्षं.

"नाना, अहो काय हे? माळकरी माणूस तुम्ही. काहीतरी चांगलं ऐका," असं मी पुलावर न चुकता म्हणायचो.

"चांगलं ते आत्ताच झालं ना, मास्तर. आता माझं," असं म्हणून ते आवाज वाढवायचे.

त्यांचं सगळ्यात लाडकं गाणं तर असलं भयंकर होतं की बोलायची सोय नाही. त्यातला गृहस्थ आपल्या प्रेयसीच्या लग्नाला जातो, जातो तो जातो आणि वर पंगतीत वाढायलाही उभा राहतो. जिलबी वाढताना त्याचे डोळे भरून येतात. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, या माणसाला काही स्वाभिमान आहे की नाही?" नानांनी गिअर बदलला आणि शांतपणे म्हणाले, "स्वाभिमान असता तर गाणं कशाला झालं असतं?"

गंमत म्हणजे नानांसारखा सुखी माणूस पंचक्रोशीत नव्हता. गुलाबवहिनी म्हणजे त्यांच्या मंडळी, गोऱ्या, ठसठशीत, हसऱ्या. नानांचा टेम्पो वळणावर दिसला की त्या चुलीवर चहाचं आधण ठेवायच्या, ते उंबऱ्यात येईतो कप हातात. गावातल्या बायका त्यांना छेडायच्या, "वहिनी, नानांना एवढा दगा दिला तरी कुणी?" त्यावर वहिनी म्हणायच्या, "मलाच म्हायत न्हाय बाय. सापडली तर सांगा, एकदा बघून येते. चहा पाजते तिला."

नानांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. माणूस गेला की त्याच्याविषयी लोक चांगलं तेवढंच बोलतात, आणि नानांच्या बाबतीत ते सोपंही आहे. पण मला त्यांच्याविषयी बोलायचं तर आधी माझा एक हलकटपणा सांगावा लागतो. त्याला इलाज नाही.

आमच्या गावात चैत्रात हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस देवळातली वीणा जमिनीला टेकवायची नाही आणि नाम थांबू द्यायचं नाही, असा नेम. म्हणून पहारे लावलेले असतात. एकाने वीणा गळ्यात घालून दोन तास उभं राहायचं, तारा छेडत रामकृष्णहरी म्हणायचं, मग ती पुढच्याच्या गळ्यात घालायची. देताना आणि घेताना दोघांनी एकमेकांच्या पायांना हात लावायचा, मग वयाने कुणी का मोठा असेना. पहाटेचा आणि संध्याकाळचा पहारा सगळ्यांना हवा असतो. दुपारी बारा ते दोन मात्र कुणाला नको. जेवून गाव आडवं झालेलं, मांडवाचा पत्रा तापलेला, समोर ऐकायला एक कुत्रं, तेही झोपलेलं. तो पहारा नानांचा. आधी त्यांच्या वडिलांचा होता, ते गेल्यावर बावीस वर्षं नानांचा. त्या आठवड्यात ते मांडव्याची खेप पहाटेच उरकून येत आणि अकराला आंघोळ करून देवळात हजर होत. "वर्षातनं सात दिवस, दोन तास. तेवढीच माझी त्याची गाठ," असं म्हणायचे.

हलकटपणा केला त्या वर्षी सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी मी दुपारी ताटावर बसलो होतो. देवळाच्या कर्ण्यातून नानांचं नाम ऐकू येत होतं. वीणेकऱ्यापुढचा माइक सप्ताहात बंद करत नाहीत. मी भात कालवला आणि माझा हात थांबला. चाल ओळखीची होती. नीट कान दिला. रामकृष्णहरी त्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याच्या चालीवर चाललं होतं. हरकतीसुद्धा त्याच. सकाळी मांडव्याला जाताना ऐकलेलं गाणं नानांच्या गळ्यात राहिलं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

संध्याकाळी हरिपाठाला जाऊन बघतो तर बायका भारावलेल्या. "आज दुपारचं नाम काय गोड लागलं," एक आजी म्हणाल्या, "पडल्या पडल्या डोळ्यांतनं पाणी आलं." मी तीस वर्षं या मंडळाला चाली बसवून देतोय. रागदारीतल्या, मेहनतीच्या. माझ्या एकाही चालीने कुणा आजीच्या डोळ्यांतून पाणी काढलेलं नव्हतं. मला मिरची झोंबली, आणि ती मी पावित्र्याच्या नावाखाली बाहेर काढली. सप्ताहाचे प्रमुख हिरामणबुवा देवळाच्या पायरीवर बसले होते. त्यांना जाऊन सांगितलं की ही असल्या असल्या गाण्याची चाल आहे.

बुवा आधी दचकले. मग म्हणाले, "पण मास्तर, तुम्हांला कसं ठाऊक?"

"टेम्पोत ऐकलंय. नाइलाजाने," मी म्हणालो.

बुवांनी नानांना बोलावून घेतलं. चार माणसांत विचारलं. नाना आधी गोंधळले, मग मनातल्या मनात चाल गुणगुणून बघितली असावी, कारण त्यांचा चेहराच उतरला. "चुकलं," ते म्हणाले. "कवा आलं गळ्यात, कळलंच न्हाय." बुवांनी निवाडा दिला की या सप्ताहात नानांनी वीणा घेऊ नये, दुपारचा पहारा मास्तरांनी घ्यावा. नानांनी वीणेला लांबूनच नमस्कार केला आणि गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा पहारा चुकणार होता, तोही माझ्यामुळे.

दोन तास उभं राहणं म्हणजे काय ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. अर्ध्या तासात गुडघे बोलायला लागले, वीणेचा पट्टा खांद्यात रुतला. आणि समोर बघतो तर मांडवाच्या खांबाशी नाना. नेहमीसारखे आंघोळ करून, बुक्का लावून आलेले. हातात टाळ. माझा सूर धरून ते हळू आवाजात नाम म्हणत होते. थोड्या वेळाने उठून जवळ आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "डावा पाय जरा पुढं घ्या, मास्तर. आणि भार बदलत ऱ्हावा. बापानं शिकवलंय." चौथ्या दिवशी आले, पाचव्याही दिवशी आले. दोन्ही दिवस वहिनींनी माझ्यासाठी तांब्याभर कोकमाचं सरबतही पाठवलं. मला ते सरबत गोड लागेना.

पाचव्या दिवशी दोन वाजता वीणा पुढच्याला दिली आणि मी नानांच्या शेजारी पायरीवर बसलो. म्हटलं, "नाना, बुवांना मीच सांगितलं."

"म्हायत हाय की," नाना म्हणाले. "दुसरा कोन वळखनार? टेम्पोत बाजूला तुमीच असता."

"राग नाही आला?"

"आला. रात्री जेवलो न्हाय. गुलाब म्हनाली, जेवला न्हायत तर मास्तरांचं काय जातंय? मग जेवलो." ते टाळाची दोरी बोटाला गुंडाळत होते. "खरं ते तुमी सांगितलंत. पण एक तुमाला म्हायत न्हाय. तुमाला वाटतं, मी देवाला बाईचं गानं म्हनलं."

"मग?"

"मास्तर, त्या गान्यातला मानूस वाट बघतो आनि ती येत न्हाय. मला कुठल्या बाईनं वाट बघायला लावलीय? गुलाब तर हाक मारायच्या आधी येते. मग मी कुनाची वाट बघतोय? बावीस वर्सं या उनात हुबा ऱ्हातो. माझा बाप त्याच्या आधी हुबा ऱ्हायला, म्हातारा झाला, मेला. आला का हा गाभाऱ्यातला एकदा तरी? न्हाय आला. आता हे देवळात बोलता येतं का? मानसं काय म्हनतील? म्हनून टेम्पोत बोलतो. ती गानी लागली की मी त्यालाच बोलत असतो. येत न्हायस, कळवत न्हायस, आनि मी आपला तुझ्या पंगतीत वाढतोय."

हे त्यांनी शहाळ्यांचा भाव सांगावा तसं सांगितलं. अकरा वर्षं मी त्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसत होतो. गाणं मला कळतं, असा माझा दावा होता. पुलानंतर हा माणूस सव्वा तास प्रार्थना करतो आणि मी त्याला आवाज कमी करायला सांगतो, हे मला एकदाही कळलं नव्हतं. लाज वाटली. खरंच लाज वाटली.

तिथून उठलो तो थेट हिरामणबुवांच्या घरी गेलो. बुवा वामकुक्षी घेत होते. मी त्यांना उठवून म्हटलं, "उद्या माझ्या पहाऱ्याला मी वीणा नानांच्या गळ्यात घालणार. तुमची हरकत असेल तर बारा वाजता उन्हात येऊन सांगा." बुवांनी माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि कूस बदलली.

सहाव्या दिवशी बाराला मी वीणा घेतली आणि नानांना हाक मारली. ते खांबापासून हलेनात. "बुवा रागावतील," म्हणाले. मी म्हटलं, "माझे गुडघे गेलेत, नाना. आता वीणा टेकली जमिनीला तर पाप तुमच्या माथी." तेव्हा कुठे उठले. मी वीणा त्यांच्या गळ्यात घातली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. ती तर रीतच आहे, पण मी थोडा जास्त वेळ वाकलेला राहिलो. मग त्यांनीही वाकून माझ्या पायांना हात लावला.

"कुठली चाल घेऊ?" त्यांनी विचारलं.

"ती घ्या की. बायकांना आवडलीय," मी म्हणालो.

"न्हाय. ती टेम्पोत," नाना म्हणाले आणि त्यांनी वडिलांकडून आलेली जुनी, सपाट चाल धरली. त्यात एकही हरकत नव्हती. बुवा आले नाहीत. गाव आपापल्या घरी आडवं होऊन साधं नाम ऐकत होतं आणि त्यात कुणाला वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं. मी शेजारी टाळ धरून उभा होतो. एकेका रामकृष्णहरीत तो माणूस काय विचारतोय ते मला आता ऐकू येत होतं. त्यांचे डोळे मिटलेले होते, डावा पाय पुढे होता, आणि गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

दोन वाजता पुढच्या पहाऱ्याचा माणूस पायऱ्या चढून आला. मी हातानेच त्याला सांगितलं, थांब जरा.