उडन तश्तरीचा किताब

देवासला आमच्या गल्लीत रंगपंचमीच्या सकाळी चौकात माइक लागतो आणि उमाशंकर दुबे एकेका रहिवाशाला किताब बहाल करतो. हमखास उशिरा पोचणाऱ्या मास्तरांना ‘राजधानी एक्सप्रेस’, पोट सुटलेल्या डॉक्टरांना ‘योगीराज’. किताब जुळवायला उमाशंकर महिनाभर डोके खाजवतो. प्रतापराव मोहित्यांचा मात्र दरवर्षी ठरलेला: ‘उडन तश्तरी’, म्हणजे उडती तबकडी. गळ्यात वांग्यांची माळ पडते, गल्ली हसते. प्रतापरावही हसतात आणि घरी जाऊन दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण इतका जमलेला किताब सोडतो कोण?

प्रतापरावांनी सगळी नोकरी विमानतळाच्या टॉवरमध्ये काढली. कोणते विमान आधी उतरेल, कोणते थांबेल, हे सांगायचे काम. हातून कधी चूक झाली नाही, पण चूक न होण्याची बातमी होत नाही. बातमी झाली ती एका संध्याकाळची. उतरणाऱ्या वैमानिकाने विचारले, डावीकडे दुसरे कोणते विमान आहे? रडारवर काहीच नव्हते. काचेतून प्रतापरावांनाही तांबूस उजेड दिसला. तो थांबला आणि सरळ वर निघून गेला.

त्यांनी अहवाल दिला: दिसले, ओळख पटली नाही. वरिष्ठ म्हणाले, हवामानाचा फुगा लिहा. “फुगा दिसला असता तर फुगाच लिहिला असता,” प्रतापराव म्हणाले. मग मानसिक तपासणी झाली, बढती लांबली, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. तेवढ्या उमाशंकरला पुरल्या.

त्यांची नात वैभवी आता सहवैमानिक आहे. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे चहा घेत असताना तिचा फोन आला. प्रतापरावांना ऐकू कमी येते, म्हणून फोन स्पीकरवर असतो. इंदूरला उतरण्यापूर्वी, धरमपुरीपाशी नर्मदेवर, मावळत्या उजेडात तिला आणि कॅप्टनला काहीतरी दिसले होते. विमानाबरोबर चालले आणि वळून नाहीसे झाले. खाली उतरल्यावर कॅप्टन म्हणाला, “मैंने कुछ नहीं देखा। तूने भी नहीं।”

“आबा, काय लिहू?”

प्रतापरावांनी कप खाली ठेवला. “फुगा लिही.”

“फुगा नव्हता.”

“ठाऊक आहे. तरी फुगाच लिही. तुझं कॅप्टन होणं राहिलंय.”

मला राग आला. जो शब्द न लिहिल्यापायी या माणसाची बढती लांबली, तो शब्द नातीच्या हाती देताना त्याची जीभ अडखळलीसुद्धा नाही.

“तुम्ही कुठे लिहिला होतात?” वैभवी म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने जे पाहिले ते कळवले. कॅप्टनपद पुढे ढकलले गेले, मानसिक तपासणीची तारीख मिळाली. अशा बातमीला आमच्या गल्लीचा पत्ता विचारावा लागत नाही. रंगपंचमीच्या आधी उमाशंकर खुशीत आला.

“काकासाब, इस बार तश्तरी बिटिया को दे दें? आपके लिए कुछ नया सोच लेंगे।”

इतकी वर्षे नकोसा झालेला किताब आपण होऊन उतरत होता. प्रतापराव खुर्चीतून उठले.

“उमाशंकर, वो मेरा है। मैंने कमाया है। मैं जिंदा हूँ तब तक घर में दूसरे किसी को नहीं मिलेगा।”

उमाशंकरने हातातल्या यादीतले वैभवीचे नाव खोडले. मला बरे वाटले.

रंगपंचमीला नाव पुकारताच प्रतापराव पुढे गेले आणि मान वाकवून त्यांनी माळ घालून घेतली. ती तशीच गळ्यात ठेवून चौकातूनच वैभवीला व्हिडिओ कॉल लावला. मागे गल्ली हसत होती.

“बघ, यंदाही माझ्याकडेच आहे,” ते मोठ्याने म्हणाले. “तपासणीला जा. आणि पाहिलंस तेच सांग.”