एका बोटाचे डॉक्टर

दिग्रसचे डॉक्टर इंगोले कम्प्युटरवर एकाच बोटाने लिहायचे, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचायचे. "विजय... राठोड... खोकला... चार दिवस." बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना ते ऐकू जायचं. कोणी लाजलं की म्हणायचे, "खोकलाच हाय ना लेका, चोरी तं नाही केली."

कम्प्युटर त्यांच्या मुलीने यवतमाळहून आणून दिलेला. त्याआधी आमचे कागद लोखंडी कपाटात असत. ते सापडत नसत, आणि सापडलेच तर डॉक्टरांना स्वतःचंच अक्षर लागत नसे. आता नाव टाकलं की जुना ताप-खोकला सगळा समोर. पण लाईट गेली की डॉक्टर हातावर हात ठेवून बसत, आणि एका बोटापायी बाहेरची रांग रस्त्यावर जाई. "हा डब्बा सगळं ध्यानात ठेवते," ते म्हणत, "फक्त कोणाचं, ते आपल्याले पाहा लागते."

हे वाक्य ते माझ्या घशाच्या दुखण्यानंतर म्हणायला लागले. घसा सुजून मी तापाने फणफणत गेलो होतो. त्यांनी वाचलं, "विजय राठोड. जन्म एक जून. मूतखडा." मी मान हलवली. "दोन लेकरं." माझं लग्न झालेलं नव्हतं, तरी हलवली. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. डॉक्टरांच्या कम्प्युटरला खोटं कसं म्हणणार? मग त्यांनी इंजेक्शन भरलं आणि शेवटचं वाचलं, "कोणत्याच औषधाचा त्रास नाही." मी हात मागे घेतला. लहानपणी पेनिसिलिनने माझा श्वास कोंडला होता आणि वाचवलं होतं ते ह्यांनीच.

"साहेब, मले तं त्रास हाय," मी कसंबसं म्हणालो.

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "मंग मूतखड्याले मान काहून हलवली?"

"म्हटलं, कम्प्युटरमधी हाय तं असन."

झालं होतं असं, की आमच्या तांड्यावर विजय राठोड दोन. शाळेत गुरुजींनी सगळ्या पोरांची जन्मतारीख एक जूनच टाकलेली. आणि एका बोटाने बापाचं नाव कोण लिहीत बसणार, म्हणून डॉक्टरांनी ते गाळलेलं. त्या दिवशी रांग थांबवून त्यांनी दोन्ही विजय वेगळे केले. माझ्या पानावर बापाचं नाव, भुवईवरचा व्रण, पेनिसिलिन, सगळं वाचत वाचत लिहिलं. शेवटची ओळ मात्र मोठ्याने वाचली नाही.

पुण्याला गोदामात कामाला निघालो तेव्हा ते पान त्यांनी माझ्या मोबाइलमध्ये घालून दिलं. "शिकला नाहीस, तं हे तरी संग ने." ती शेवटची भेट. डॉक्टर मागच्या वर्षी गेले. मला जाता आलं नाही.

परवा गोदामात पायावर खोकं पडलं. इस्पितळातला तरुण डॉक्टर भराभर बोलत होता. "कुठल्या औषधाचा त्रास? नाही ना?" त्या घाईत मला औषधाचं नाव आठवेना. भीतीने मान हलणार, तेवढ्यात मी मोबाइलच पुढे केला. तो वाचत गेला आणि शेवटी थांबला. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसला आणि ती ओळ मला वाचून दाखवली: "भित्रा आहे. कशालाही मान हलवतो. दोनदा विचारावं."

"तर पुन्हा विचारतो, विजयभाऊ," तो म्हणाला.

या खेपेला मी मान हलवली नाही. तोंडाने सांगितलं.