आमचे घरमालक भाडेकरू होतात

आमच्या घरमालकांकडे खुद्द परमेश्वर जागा बघायला आला असता, तर त्यांनी त्यालाही मूळ गाव विचारलं असतं, आधीच्या देवळाच्या पुजाऱ्याचं पत्र मागितलं असतं आणि घंटा सकाळी किती वाजता वाजणार ते लेखी घेतलं असतं. भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं लिहिणं आणि चौकाचौकात उभं राहून ती वाटणं हे माझं काम. त्यामुळे पुण्यातले घरमालक मी जातीनिशी ओळखते. ‘मुलींना देत नाही’ म्हणणारे, ‘फक्त मुलींनाच देतो’ म्हणणारे (यांच्यापासून चार पावलं लांब राहावं), आडनाव ऐकताच ‘अरेरे, जागा कालच गेली’ म्हणणारे. पण धायरीत माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, राहणारे हे गृहस्थ कुठल्याच जातीत बसेनात. बाकीचे मालक घर देतात आणि जोडीला त्रास देतात. आमच्या काकांच्या हिशेबी चौकशी हाच मुख्य व्यवहार, घर त्यावर वरकड मिळायचं.

चौकशीची त्यांची जागा ठरलेली होती. ते जिन्याच्या सातव्या पायरीवर उभे राहणार, उमेदवार खाली फरशीवर. मी चंद्रपूरहून आलेली, हातात पिशवी, पिशवीत पत्रकं. मूळ गाव, वडिलांचा व्यवसाय, वडिलांचं व्यसन, मटण-मासे, मित्र, मित्रांच्या येण्याच्या वेळा, आधीच्या घरमालकाचं पत्र, असं सगळं त्यांनी शांतपणे विचारलं. मी तितक्याच शांतपणे पिशवीतून पत्रक काढून त्यांच्या हातात ठेवलं. इथवर आलं की एरवी माझी मुलाखत संपते. काकांनी चष्मा बदलला, उभ्याउभ्या पत्रक पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचलं आणि म्हणाले, “मुद्दा चौथा चुकलाय. कायद्यात उलट आहे. आत या.” घरी जाऊन कायदा पाहिला तर त्यांचं बरोबर होतं. हा अपमान मी अजून विसरलेले नाही.

ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खातं सुटलं, पाटबंधारे सुटले नाहीत. त्यांच्या दुमजली घरात पाणी ‘यायचं’ नाही, पाण्याचं आवर्तन सुटायचं. कालव्यातून शेताला सोडतात तसं. सकाळचं आवर्तन, संध्याकाळचं आवर्तन, आणि एप्रिल लागला की उन्हाळी आवर्तन. तेव्हा आंघोळ एका बादलीत बसवायची. गच्चीवरच्या टाकीचा कॉक त्यांच्याशिवाय कोणी फिरवायचा नाही. एकदा मी साबण लावलेल्या अवस्थेत असताना पाणी गेलं. मी आतून ओरडले, तर जिन्यातून संथ आवाज आला, “आपलं क्षेत्र भिजलं असेल असा माझा अंदाज होता.” मी त्याच दुपारी ‘पाणी हा भाडेकरूचा मूलभूत हक्क’ हे पत्रक लिहून त्यांच्या दाराखालून सरकवलं. दुसऱ्या दिवशी ते तसंच माझ्या दाराखालून परत आलं, समासात बारीक अक्षरात शेरा: ‘मान्य. परंतु टाकी लहान.’

सगळ्यात कहर म्हणजे करार. पुण्यात भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो हे जगजाहीर आहे. बाराव्या महिन्यात बाकीचे मालक एक सही घेतात आणि मोकळे होतात. आमचे काका बाराव्या महिन्यात मला नव्याने फरशीवर उभं करायचे. मूळ गाव? मी म्हणायची, अहो काका, चंद्रपूर, गेल्या वेळीही चंद्रपूरच होतं. “गाव बदलत नसतं,” ते म्हणायचे, “तरी विचारावं लागतं.” तीन वर्षांत मी तीनदा नवी भाडेकरू झाले. दर वेळी मी जीव तोडून भांडले, दर वेळी काकू वरून डिंकाचा लाडू पाठवायच्या, आणि दर वेळी मला अशी शंका यायची की या माणसाला भाडेकरू नकोच आहे, भांडायला कोणीतरी हवं आहे. धायरीत तेवढं दर्जेदार भांडण मिळत नाही, असं ते काकूंना सांगत असल्याचं मी स्वतः ऐकलंय.

अशा माणसावर गेल्या वर्षी भाड्याने घर शोधायची पाळी आली.

त्यांची एकुलती एक लेक आठ वर्षांपूर्वी समुद्रातल्या प्रवाळांचा अभ्यास करायला म्हणून थायलंडमधल्या एका बेटावर गेली आणि तिथेच राहिली. तिथल्याच एका आचाऱ्याशी लग्न केलं. काका तिचा उल्लेख ‘आमचं तिकडचं खातं’ असा करायचे. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बातमी आली की लेकीला दिवस गेलेत, अवघड आहे, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय आणि आई-बाबांनी यावं. काकूंनी त्याच दिवशी बॅग काढली. काकांनी मात्र एक अडचण काढली. लेकीच्या सासरी, मूल होईपर्यंत, बापाने पाणीसुद्धा प्यायचं नाही. त्यांच्या वडिलांनी प्यायलं नव्हतं, आजोबांनी प्यायलं नव्हतं. मी म्हटलं, काका, तिथे सासर कुठंय, तिचं स्वतःचं घर आहे, निम्मा खर्च तीच उचलते. त्यांनी माझ्याकडे चौथ्या मुद्द्याकडे पाहावं तसं पाहिलं. तेव्हा ठरलं ते असं: लेकीच्या घराजवळ स्वतंत्र घर भाड्याने घ्यायचं, तेही बाळ यायच्या आत. हातात जेमतेम चार महिने.

आता ते बेट म्हणजे काय, तर निळं पाणी, पांढरी वाळू, आणि वाळूत पाय खुपसून बसलेले जगभरातले निवृत्त साहेब. घरांना घर म्हणत नाहीत, व्हिला म्हणतात. या लोकांना तिकडे ‘एक्स्पॅट’ असं भारदस्त नाव आहे. मला याची फार गंमत वाटते. चंद्रपूरची मुलगी पुण्यात पोट भरायला आली तर ती ‘बाहेरची’, तिची पोलिसांत नोंद करा. आणि पुण्याचे काका बेटावर राहायला निघाले तर ते एक्स्पॅट. हे मी त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, पत्रकात घ्या, बरं आहे.

इंटरनेटवरून घर शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. माझा लॅपटॉप जिन्याच्या सातव्या पायरीवर, काका सहाव्या पायरीवर, मी पाचव्या. पहिल्या व्हिलाच्या मालकाने काका-काकूंचे फोटो पाहिले, कुठले म्हणून विचारलं आणि कळवलं की हिंदुस्थानी कुटुंबाला देत नाही, फोडणीचा वास पडद्यांना लागतो. मी खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण मला सुकवलेले झिंगे आठवले, जे माझ्या आईने चंद्रपूरहून पाठवले होते आणि ज्यांच्यासाठी या माणसाने मला एक आख्खा रविवार गच्चीवर बसवून स्वयंपाक करायला लावला होता. म्हटलं, “काका, पडदे भाडेकरूपेक्षा महाग असतात, समजून घ्या.” संध्याकाळचं आवर्तन त्या दिवशी अर्धा तास जास्त चाललं.

दुसरं घर जवळजवळ मिळालं होतं. बिचारा मालक भला होता, काही विचारेना. न विचारणाऱ्या मालकावर काकांचा विश्वास बसेना. तो म्हणाला, करार तुम्हीच पाठवा. काकांनी रात्रंदिवस खपून स्वतःचाच छापील मसुदा इंग्रजीत उतरवला, एकोणतीस कलमांचा. भिंतीला खिळा मारायचा नाही, पाहुणा तीन दिवसांवर ठेवायचा नाही, सगळी कलमं स्वतःवरच लादून घेतली. आणि शेवटच्या पानावर, इतक्या वर्षांच्या सवयीने, सही मालकाच्या जागी ठोकली. तिकडे तो भला माणूस दचकला. पुण्यातला एक म्हातारा माझं घर कागदोपत्री स्वतःच्या नावावर करून मलाच भाडेकरू करतोय, असं त्याला वाटलं. त्याने घर दुसऱ्याला दिलं. काकूंनी तो कागद पाहिला, बॅगेत दोन लुगडी आणखी घातली आणि म्हणाल्या, “तुम्ही इथे पाणी सोडा. मी लेकीकडे जाते आणि तिच्याच घरी राहते. मला तहान लागते.” मी काकांचा चेहरा असा पडलेला कधी पाहिला नव्हता. लेकीचा सातवा महिना सरला होता. लेक फोनवर काकूंना म्हणाली होती की बाबा नसतील तरी चालेल, आणि ते वाक्य ते जिन्यात उभे राहून ऐकत होते.

तिसऱ्या घरापुरत्या काकू थांबल्या. ते लेकीपासून चार गल्ल्यांवर. मालकीण सत्तरीची, एकटी, मागच्या अंगणातल्या खोलीत राहणारी. तिने व्हिडिओवर मुलाखत मागितली. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. बाईंनी सुरुवात केली आणि माझे कान टवकारले. माणसं किती, वयं काय, तळण किती वेळा, पाहुणे किती दिवस, उठता किती वाजता, दारं आपटता का. परदेशी माणूस राहायला आला की, बाई म्हणाल्या, मला सरकारात कळवावं लागतं, तर पासपोर्टचं पान आधी पाठवा. मला वाटलं, आता काका भडकणार. तर काका खुलत चालले होते. दर प्रश्नाला मान डोलावत, मध्येच मला कोपराने ढोसत कुजबुजले, “बाईंची पद्धत पाहिलीत? शिका.” मग बाईंनी शेवटचा प्रश्न टाकला: आधीच्या घरमालकाचं पत्र.

जन्मभर ज्यांनी प्रत्येकाकडे हे पत्र मागितलं, त्या काकांकडे ते असण्याची सोयच नव्हती. ते कधी कोणाचे भाडेकरूच नव्हते. बापाच्या घरात जन्मले, सरकारी क्वार्टरमध्ये राहिले आणि स्वतःच्या घरात आले. बाई म्हणाल्या, मग अशा कोणाचं तरी पत्र आणा जो तुमच्या छपराखाली राहिलाय, आणि नात्यातला नको. लॅपटॉप बंद झाला. काका पायऱ्या उतरून फरशीवर आले, जिथे मी तीनदा उभी राहिले होते, आणि म्हणाले, “कार्यकर्तीबाई, खरं लिहा. पण सगळं लिहू नका.”

माझ्या हातात लेखणी आणि समोर घरमालक, अशी संधी चळवळीत फार जणांना मिळत नाही. मी आवर्तनांबद्दल लिहिलं. एकोणतीस कलमांबद्दल लिहिलं. झिंग्यांबद्दल जरा जास्तच लिहिलं. मग लिहिलं की दुसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा हा माणूस एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ माझ्या दारात पेजेचं भांडं ठेवून, कडी वाजवून निघून जायचा, कारण भाडेकरूच्या खोलीत विचारल्याशिवाय जायचं नाही हे कलम त्याने स्वतःसाठी घातलंय. माझा ताप तो दाराबाहेरूनच विचारायचा आणि लिहून ठेवायचा. माझी आई चंद्रपूरहून आली, दीड महिना राहिली, आणि पाहुणा तीन दिवसांवर नको हे कलम याला त्या दीड महिन्यात एकदाही आठवलं नाही. याच्याशी तुमचं रोज भांडण होईल, असं मी शेवटी लिहिलं, तरी याला घर द्या, कारण याची लेक आजारी आहे आणि हा स्वतः कोणाकडे काही मागत नाही. काकांनी पत्र वाचलं. नेहमीप्रमाणे चूक काढतील म्हणून मी थांबले. त्यांनी घडी घातली आणि चष्मा पुसत वर गेले.

बाईंचं उत्तर दोन ओळींचं आलं. भाडेकरूने इतक्या तक्रारी करून वर शिफारस केली, त्या माणसाला घर द्यायला हरकत नाही. मात्र बागेला पाणी त्यानेच घालायचं.

नातीच्या जन्माआधी एकोणीस दिवस ते दोघं पोचले. काकू सांगतात, ते रोज लेकीच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचे, सोबत स्वतःच्या घरून आणलेली पाण्याची बाटली. बारशानंतर त्यांनी लेकीच्या हातचा चहा घेतला. अर्धा कप झाल्यावर आणखी अर्धा मागितला, आणि लेक उठून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आता खरं तर वेगळं घर लागत नाही. पण करार वाढवलाय. बाई रोज काहीतरी चूक काढतात म्हणे, तब्येत चांगली राहते.

इकडे माझ्या डोक्यावर कोणी चालत नाही. पाणी चोवीस तास आहे आणि मला त्याचं काय करावं ते कळत नाही. दर रविवारी मी वर जाऊन खिडक्या उघडते. त्यांच्या घरात शिरण्याची मला आधी कधी परवानगी नव्हती. जिन्यालगतची एक खोली बंद असायची; अडगळ आहे, असं ते सांगायचे. आत पलंगावर धुतलेली चादर घातलेली आहे, टेबलावर शाळेची कंपासपेटी, आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मारलेल्या उंचीच्या खुणा. आठ वर्षांत ती खोली त्यांनी ना मला दिली, ना कोणाला.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. पाठीमागे बाळ रडत होतं. त्यांनी खिडक्या उघडल्या का विचारलं. मी हो म्हटलं. तिच्या खोलीची? हो, म्हटलं, तिचीही. मग ते म्हणाले, “आता ती खोली एखाद्या मुलीला द्यायला हरकत नाही. आपणच बघा कोणाला ते.”

बाहेरगावच्या, जागा शोधणाऱ्या मुलींची नावं माझ्या वहीत पानंच्या पानं आहेत. पत्रक तर मी चहा निवायच्या आत लिहून काढते. पण आठवडा झाला, या एका खोलीची चार ओळींची जाहिरात काही माझ्याच्याने लिहून होत नाही.