हाताला कळणारे गेम

पन्नाशी उलटली तरी घरात तिला छोटीच म्हणत. खरं तर तसं म्हणणारी एकच उरली होती, तिची थोरली बहीण. पण ताईची हाक जिन्यापर्यंत ऐकू जायची, त्यामुळे आख्ख्या मजल्यावर तिचं तेच नाव पडलं होतं. छोटी केस कापायची. बाजारातल्या एका सलूनमध्ये, दारापासून दुसऱ्या खुर्चीमागे तिचं उभं आयुष्य गेलं होतं, आणि केस कापणाऱ्यांच्या बाबतीत हे अक्षरशः खरं असतं. हातात कात्री असली की ती गिऱ्हाइकाशी गप्पा मारायची, आरशातून रस्त्यावर नजर ठेवायची, शेजारच्या खुर्चीवाल्या मुलीला चूक सांगायची, आणि कात्री आपली चालतच राहायची. हाताकडे बघायची तिला कधी गरजच पडली नव्हती.

एका सकाळी एका बाईंचे केस ओले करून ती वळली आणि कंगवा खाली पडला. उचलला, पुन्हा पडला. तो हातात आला होता हेच तिला कळलं नव्हतं. खुर्चीतल्या बाईंनी आरशात तिचा चेहरा पाहिला आणि मालकीणबाईंना हाक मारली. छोटीचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं.

थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. तोंड सरळ झालं, बोलणं सुधारलं, पाय किंचित ओढत का होईना चालू लागला. उजवा हातही हलायचा. बोटं मिटायची, उघडायची, सांगितलेलं सगळं ऐकायची. फक्त त्या हाताला काही कळत नव्हतं. गरम कप, नळाचं पाणी, उशीचा अभ्रा, ताईचा हात, सगळं सारखंच.

"हातमोजा घातल्यासारखं वाटतं का?" थेरपीवाल्या बाईंनी विचारलं.

"हातमोजा निदान कळतो," छोटी म्हणाली.

आणि हा बधिरपणा हातापाशी थांबला नाही. ताई स्वयंपाकघरात तोंड लपवून रडायची, तेव्हा छोटी जाऊन तिला पाणी द्यायची आणि परत येऊन खिडकीशी बसायची. भेटायला येणारे हळहळायचे, ती मान डोलवायची. जेवण कसं झालंय विचारलं तर "बरं झालंय". झोप लागली का, "लागली". एकदा ताईला राहवलं नाही.

"तुला काहीच कसं वाटत नाही गं?"

"वाटेल की," छोटी म्हणाली. "घाई काय आहे?"

घरी करायला म्हणून थेरपीवाल्या बाईंनी एक रबरी चेंडू दिला होता. छोटी तो दाबत बसायची. ताई खोलीत यायची तेव्हा चेंडू केव्हाच निसटून पलंगाखाली गेलेला असायचा आणि छोटी भिंतीकडे बघत रिकामी मूठ दाबत असायची. ताईला ते बघवेना. तिने मुलाला फोन लावला.

ताईचा मुलगा एसी दुरुस्त करायचा आणि बायकोसोबत गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. पुढच्या सुट्टीला तो एक पिशवी घेऊन आला. पिशवीत त्याचा जुना गेम कन्सोल होता. नवा आल्यापासून हा माळ्यावर पडून होता आणि बायकोने दोनदा भंगारात काढायची धमकी दिली होती. थेरपीवाल्या बाईंना त्याने आधीच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, बोटं वेगवेगळी हलतील, चांगलंच आहे, चेंडूपेक्षा मन तरी लागेल.

"माझी मालिका?" त्याला टीव्हीच्या मागे वायर खोचताना बघून ताईने विचारलं.

"दुपारी कुठे असते तुझी मालिका?"

"दुपारी कालची परत दाखवतात."

"काल बघितलेली असतेस ना, आई."

"नीट कुठे बघितलेली असते?"

कन्सोल इतका जुना झाला होता की त्याच्यासाठी नवे गेम निघायचे बंद झाले होते. पण त्याच्या आतलं, गेम विकत घ्यायचं दुकान चालू होतं, आणि त्यात बहुतेक जुने गेम होते. त्याहून जुन्या मशीनवर कधीकाळी गाजलेले, चित्रं घासूनपुसून पुन्हा काढलेले. भाच्याचं बालपणच तिथे रांगेत मांडलेलं होतं. तो हरखून गेला.

"हा घेऊ, मावशी. हा क्लासिक आहे. याच्यापायी पोरं शाळा बुडवायची."

"घे," छोटी म्हणाली.

गेममधला माणूस धावायचा आणि खड्डा आला की उडी मारायचा. उडीसाठी एक बटण होतं. छोटीचा अंगठा त्याच्यावर आहे की शेजारी घसरलाय, हे तिला बघितल्याशिवाय कळायचं नाही. ती अंगठ्याकडे बघायची, तेवढ्यात माणूस खड्ड्यात. नव्याने काढताना यात एक सोय केली होती. चूक झाली की खेळ मागे घेता यायचा. भाच्याने ती शिकवली. मग दुपारभर तो माणूस खड्ड्यात पडत राहिला आणि उलटा वर येत राहिला.

"एकदाचं त्याला वर तरी ठेवा, नाहीतर खाली तरी राहू द्या मेल्याला," ताई म्हणाली.

भाच्याने मग थांबून वाट पाहणारे गेम शोधले. बुद्धिबळ, पत्ते, सोंगट्या जुळवायचा एक. हे छोटीला जमायचे. बटण बघून दाबायचं, मग टीव्ही बघायचा, परत बटण. भाचा रोज फोन करून विचारायचा कसा आहे. ती म्हणायची बरा आहे. त्याने एकदा मुद्दाम गेमचं नाव चुकीचं सांगून विचारलं. तोही बरा होता.

मासे पकडायचा गेम मिळाला तो असाच. पुढच्या सुट्टीला भाचा दुकान चाळत होता. त्यात एक गेम फुकट चाखून बघता येत होता. तळं, नाव, गळ, बाकी काही नाही. चित्रं इतकी वाईट की पाणी सतरंजीसारखं दिसत होतं. त्याने कंट्रोलर छोटीच्या हातात दिला आणि तो चहा ओतून घ्यायला आत गेला. परत आला तर छोटी ताठ बसली होती.

"काय झालं?"

"दार वाजल्यासारखं झालं."

तो दाराकडे गेला. कोणी नव्हतं.

"ते दार नाही," छोटी म्हणाली. "इथे." डाव्या हाताच्या बोटाने तिने उजव्या मनगटाच्या थोडं वर दाखवलं.

टीव्हीवर गळाला मासा लागला होता आणि कंट्रोलर थरथरत होता. मूळ गेममध्ये हे नव्हतं, नव्याने काढताना घातलं होतं. छोटीने कंट्रोलर सोडला नाही. मासा दोरी तोडून निघून गेला. तिने पुन्हा गळ टाकला आणि वाट बघत बसली. चहा गार झाला.

थेरपीवाल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. तळव्याला कळत नाही, पण थरथर हाडातून वर जाते, आणि वर जिथे जाणीव शिल्लक आहे तिथे ती पोचते. "हात सुधारतोय असं मात्र समजू नका हं."

"नाही समजत," छोटी म्हणाली.

तेव्हापासून गेम निवडायची पद्धत बदलली. भाचा एखाद्या गेमची गोष्ट सांगायला लागायचा, कसा तो गाजला, कसं त्याचं संगीत अजून लोक गुणगुणतात. छोटी ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच विचारायची.

"थरथरतो का?"

त्याच्या लाडक्या गेमपैकी निम्मे थरथरत नव्हते. ते गेले. उलट खड्डे खणायच्या मशीनचा एक गेम होता, पिवळं धूड घेऊन दिवसभर माती उपसायची. तो तिने लगेच घेतला.

"मावशी, हा भिकार गेम आहे. तेव्हाही भिकार होता."

"असू दे. हाताला कळतो."

हळूहळू तिला त्यातला फरक कळू लागला. लढाईचे गेम ती दोन मिनिटांत बंद करायची. "नुसती बडबड आहे," म्हणायची. सतत थरथरलं की काही कळेनासं होतं. आगगाडीचा एक होता, त्यात रुळांचे सांधे एकेक करून मनगटात लागायचे. काचेखाली छर्रा उडवायचा जुना खेळ होता, त्यात प्रत्येक धडक वेगळी यायची. आणि मासे. मासा लहान की मोठा हे ती आता टीव्हीकडे न बघता सांगायची. सांगताना तिच्या आवाजात आनंद नसायचा. बाहेर पाऊस थांबलाय हे सांगावं तसं सांगायची.

एका दुपारी सलूनच्या मालकीणबाई आल्या. सोफ्याच्या कडेला बसल्या, बरंच इकडचंतिकडचं बोलल्या, पर्स उघडून मिटली. छोटीनेच त्यांची सुटका केली.

"खुर्ची कोणाला तरी देऊन टाका. गिऱ्हाइकं किती दिवस थांबतील?"

मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कधीही काउंटरवर येऊन बस, फोन घे, वेळा दे, असं त्या परत परत म्हणाल्या. छोटी बरं म्हणाली. स्वयंपाकघरात ताईने एक पातेलं असं काही आपटलं की मालकीणबाई उठल्याच.

त्या गेल्यावर ताई दारात येऊन उभी राहिली. "एवढ्या सहज कशी देऊन टाकलीस?"

"त्या अवघडल्या होत्या."

"आणि तू?"

छोटीने खरंच विचार केला. "मी गेम थांबवायला विसरले होते," ती म्हणाली. "मासा लागला होता. तो सुटेल असं वाटत होतं."

ताई वळली. आत जाऊन तिने ते पातेलं घासायला घेतलं. ते आधीच घासलेलं होतं.

मग कन्सोलवर सूचना आली. आतलं दुकान बंद होणार होतं. भरून घेतलेले गेम राहतील, नवं काही घेता येणार नाही. भाचा सुट्टी नसताना आला.

"माझा नवा कन्सोल तुला देतो," तो म्हणाला. "हा सोडून दे."

पण नवा तिने त्याच्या घरी धरून पाहिला होता. त्याची थरथर फार नाजूक होती. भाचा म्हणाला होता, पावसाचा थेंबसुद्धा कळतो बघ. तिला वादळसुद्धा कळलं नव्हतं.

"नव्याची थरथर सभ्य आहे," ती म्हणाली. "मला हाच बरा."

जुन्या बाजारातून भाच्याने दोन जादा कंट्रोलर आणून ठेवले होते. आता प्रश्न जागेचा होता. कन्सोल गच्च भरला होता, एक आत घ्यायचा तर एक बाहेर काढावा लागणार. तिघं टीव्हीसमोर बसली. बुद्धिबळ गेलं, पत्ते गेले. धावणारा माणूस काढताना भाच्याने जरा वेळ घेतला.

"सोंगट्या काढायच्या नाहीत," ताई अचानक म्हणाली.

"त्या थरथरत नाहीत, आई."

"मला कुठे थरथर हवी आहे? मी खेळते कधीकधी. छोटी झोपली की."

दोघांनी तिच्याकडे बघितलं. ती चष्मा पुसत होती. सोंगट्या राहिल्या.

भाचा पुढे पुढे चाळत होता. एका चित्रावरून तो भर्रकन पुढे गेला.

"मागे घे," छोटी म्हणाली.

केस कापायचा गेम होता. चित्रात एक हसरी मुलगी, गळ्याभोवती कापड, आणि एक चकचकीत कात्री.

"थरथरतो का?"

भाच्याने खालची बारीक अक्षरं वाचली. "हो."

हाही चाखून बघता येत होता. छोटीने हात पुढे केला, भाच्याने त्यात कंट्रोलर ठेवला आणि अंगठा बटणावर आहे ना ते बघून घेतलं. कात्री चालली की मनगटात एक बारीक टिचकी बसायची. छोटीने चित्रातल्या मुलीची झुलपं कापायला घेतली. डावीकडे जास्त गेली म्हणून उजवीकडून, मग परत डावीकडून. मुलगी हसतच होती. शेवटी कपाळावर काहीच उरलं नाही.

"कात्रीला धार असली तर हाताला असं काही लागत नाही," छोटी म्हणाली. "काहीच लागत नाही."

"मग नको?"

"नको."

तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला. टीव्हीवर पुढची मुलगी येऊन बसली होती आणि वाट बघत होती. छोटी तिच्याकडे बघत राहिली.

"मला खुर्ची द्यायची नव्हती, ताई," ती म्हणाली.

आवाज नेहमीसारखाच होता. ताईने पटकन तिचा उजवा हात हातात घेतला. मग काय ते लक्षात येऊन तिने पकड वर सरकवली, मनगटाच्याही वर, आणि तिथे घट्ट धरलं. भाचा उठून टीव्हीच्या मागची वायर बघायला गेला. वायरीला काही झालेलं नव्हतं.

त्या दिवशी मासे राहिले, आगगाडी राहिली, छर्रा राहिला. खड्डे खणायचं मशीन राहिलं आणि त्याचा दुसरा भागही घेतला, तो पहिल्याहून भिकार होता. एक नावेचा घेतला, जुन्या शर्यतीचा एक घेतला. भाच्याच्या आवडीचा एकही उरला नाही. पुढच्या महिन्यात दुकान बंद झालं.

छोटी आता सकाळी सलूनमध्ये जाते. काउंटरवर बसते, डाव्या हाताने फोन घेते, वेळा देते. तिच्या खुर्चीमागे एक तरणी मुलगी उभी असते. बरी कापते. जुनी गिऱ्हाइकं काउंटरशी थांबून हाताची चौकशी करतात. ती सांगते, आहे तसाच आहे. ते खरंच आहे. काही दिवशी घरी परतताना बसमध्ये तिला रडू येतं, काही दिवशी येत नाही. आलं तर ती खिडकीकडे तोंड करते.

परवा दुपारी ती घरी आली तर टीव्हीसमोर ताई. चष्मा कपाळावर, दोन्ही हातांत कंट्रोलर, रिमोट धरावा तसा टीव्हीकडे रोखलेला.

"ऊठ आता," छोटी म्हणाली.

"एवढी सोंगट्यांची पाटी संपू दे."

"तुझी पाटी कधी संपत नाही."

"तू मध्येमध्ये बोलतेस म्हणून संपत नाही."

छोटीने चपला काढल्या, डाव्या हाताने पाणी ओतून घेतलं, आणि ती ताईच्या शेजारी येऊन बसली. खालच्या ओळीत एक जोडी सरळसरळ दिसत होती. ताईला ती दिसत नव्हती. छोटी गप्प बसून पाणी पीत राहिली.