चार बोटं आणि एक वायसर

शाळेत सगळे त्याला मोजपट्टी म्हणत, आणि गंमत अशी की त्याच्याकडे मोजपट्टी कधीच नव्हती. शाळेच्या मोठ्या मैदानाचं गवत सांभाळण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. ज्या म्हाताऱ्या माळ्याच्या हाताखाली तो शिकला, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पट्टी हरवते, बोटं हरवत नाहीत." तेव्हापासून हा गडी सगळं बोटांनीच मोजायचा, आणि माप चुकलं असं कोणी म्हटलंच तर दोन दिवस अबोला धरायचा.

मैदानाच्या कडेला अवजारांची शेड आणि तिला लागून दोन खोल्या. तिथे तो आणि त्याची बायको राहत. मूलबाळ नव्हतं. गवत कापायचं मशीन होतं, वर बसून चालवायचं, त्यालाच बायको 'तुमचं लाडकं' म्हणायची. मशीनच्या पोटाखाली लोखंडी डेक आणि डेकमध्ये तीन पाती. दोन्ही बाजू जमिनीपासून सारख्या उंचीवर असल्या की गवत एकसारखं कापलं जातं. एक बाजू जराशी वर राहिली, तरी दोन पट्ट्यांच्या मध्ये पायरी दिसते.

म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आधी नवरा-बायको मिळून डेक बसवायचे. तो डाव्या बाजूला फरशीवर आडवा व्हायचा, ती उजव्या बाजूला. डाव्या हाताने पातं धरायचं, उजवा हात करंगळीच्या कडेवर फरशीला उभा टेकवायचा आणि फरशी ते पात्याचं टोक या फटीत चार बोटं घालायची. बायकोची बोटं बारीक. तेवढी कसर भरून काढायला ती हाताखाली एक जाड वायसर, नटाखाली घालतात ती लोखंडी चकती, ठेवायची. तो नट फिरवायचा आणि विचारायचा, "टेकलं का गं?" ती म्हणायची, "टेकलं." की झालं. या पद्धतीला लोक हसायचे, पण मैदान बघून गप्प बसायचे.

दीड वर्षापूर्वी बायकोचं उजव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "उजव्या हातावर लक्ष ठेवा. सूज दिसली की त्याच दिवशी या. नुसती सूजही असेल, पण ते परत आलेलंही असू शकतं." पहिले तीन महिने त्याने रोज विचारलं, हात कसा आहे. ती म्हणायची, बरा आहे. मग हळूहळू त्याने विचारणं सोडलं. विचारलं की तिचा चेहरा उतरतो, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. खरी गोष्ट अशी की नको ते उत्तर ऐकायची त्याची छाती नव्हती. भित्रा माणूस मायाळूपणाचं पांघरूण फार लवकर शोधतो.

यंदा डेक बसवला, मैदान कापलं, आणि पायरी पडली. क्रीडाशिक्षक हसत आले. "मोजपट्टी, मैदानाचा भांग पाडलाय की काय?"

हे त्याला झोंबलं. त्याने चाकांतली हवा बघितली, चारही चाकं ठीक. दुसऱ्या दिवशी प्लगची वायर काढून ठेवली आणि एकेक पातं हाताने फिरवून दोन्ही टोकं बोटांवर ताडून पाहिली. एकही वाकलेलं नव्हतं. पाती उतरवून खिळ्यावर टांगली, तीही डावी-उजवीकडे न झुकता आडवी राहिली. तिसऱ्या दिवशी पात्यांचे दांडे हलवून पाहिले, बेअरिंग बदलले, पट्टा बदलला. रोज संध्याकाळी डेक नव्याने बसवायचा, बायकोला हाक मारायची, "ये गं, बोटं घाल." ती यायची, आडवी व्हायची, म्हणायची, "टेकलं." आणि सकाळी गवतात पायरी हजर. चौथ्या दिवशी त्याने मशीन विकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारल्या, मग स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर एकेक डोळा झाकून उभा राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच.

पाचव्या दिवशी सकाळी दोघं पुन्हा मशीनखाली होते. "टेकलं," ती म्हणाली आणि दूध उतू जाईल म्हणून आत पळाली. तो नट आवळायला म्हणून तिच्या बाजूला गेला. काय मनात आलं कोण जाणे, त्याने स्वतःचा हात फटीत घातला. पातं टेकलं नाही. वर करंगळी जाईल एवढी जागा होती.

नट सरकला असेल, असं त्याला वाटलं. त्याने हाक मारली. ती ओला हात पुसत आली, आडवी झाली, वायसर ठेवला, बोटं घातली. पातं बरोबर टेकलं.

त्याने बॅटरी लावली आणि उजेड तिच्या हातावर धरला. सांध्यांवरच्या सुरकुत्या गेल्या होत्या. कातडी ताणून चकचकीत झाली होती. कधीकाळी बारीक असलेली ती बोटं आता त्याच्या बोटांहून जाड होती. त्याचा जुना लांब बाह्यांचा सदरा ती उन्हातही का घालते, हे त्याला आत्ता कळलं. सुताएवढी पायरी लांबून ओळखणारा हा माणूस. ताटाला ताट लावून रोज तिच्यासोबत जेवत होता आणि त्याला दिसलं नव्हतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"थंडी सरली तेव्हापासून. चार महिने झाले."

"म्हणजे मशीन ठीकच होतं."

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवशीच कळलं. वायसर काढून टाकावा असंही वाटलं. पण तो काढला असता तर तुम्ही विचारलं असतंत, का काढला."

तो फरशीवर तसाच बसून राहिला. हातातली बॅटरी बंद करायचंही त्याला सुचलं नाही. "चार दिवस मी वेड्यासारखा खोलतोय, जोडतोय. अगं, सांगायचं तरी."

ती रागावली नाही. तिने बाही खाली ओढली आणि म्हणाली, "मशीनला रोज विचारत होतात. मला एकदा विचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

त्याने मशीनच्या किल्ल्या खिळ्याला अडकवल्या आणि दोघं तशीच दवाखान्यात गेली. ते परत आलं होतं, आणि फुप्फुसापर्यंत गेलं होतं. चार दिवसांनी काही बिघडलं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चार महिन्यांबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी उठला की पहिल्यांदा तिच्या खाटेशी बसायचा आणि विचारायचा, "आज कसं आहे?" ती खरं सांगायची. बरं असलं तर बरं, नसलं तर नाही. तो पुरतं ऐकून घ्यायचा, मध्ये उठायचा नाही. असं त्याने पावणेचार महिने विचारलं.