तुमची ड्यूटी कोण लावतं

अंबडच्या बसस्थानकावर मी खिडकीत वाकून जालन्याची गाडी किती वाजता आहे एवढंच विचारलं होतं. आतल्या माणसाने उत्तर द्यायचं सोडून हात बाहेर काढला, अंगठ्याने माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाला, "झोप झालेली न्हाई तुमची." मागे उभे असलेले लोक हसले. मी नुकताच हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर म्हणून रुजू झालो होतो, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट होता. भर स्टँडवर असा पाणउतारा झाल्यावर मला काय वाटलं असेल ते सांगायला नको. मी तिरसटपणे विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? "कंट्रोलर आहे," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही डायव्हर न्हाई ना? मंग बिनघोर बसा. गाडी येऊन राह्यली."

हे रंगनाथअण्णा. पुढे आठवड्याभरात मी खोली घेतली ती नेमकी त्यांच्या शेजारची निघाली, आणि तो शेजार त्यांच्या शेवटापर्यंत टिकला.

एसटीच्या डेपोत कोणत्या ड्रायव्हरने कोणती गाडी न्यायची हे कंट्रोलर ठरवतो. त्याला म्हणायचं ड्यूटी लावणं. अण्णांकडे ड्यूटी घ्यायला आलेला ड्रायव्हर आधी खिडकीत वाकून डोळे दाखवायचा. डोळे लाल दिसले की अण्णा त्याला विश्रांतीच्या खोलीत पिटाळायचे आणि दुसऱ्याला गाडी द्यायचे. तो दुसरा कुरकुरायचा, पहिला हात जोडायचा, अण्णा ढिम्म. "तुझ्या गाडीत पन्नास माणसं बसणार," ते म्हणायचे, "ती काही सीटवर बसत न्हाईत, तुझ्या झोपेच्या भरोशावर बसतेत." मला वाटलं यामागे एखाद्या जुन्या अपघाताची गोष्ट असणार. एकदा खोदून विचारलं. ते म्हणाले, "न्हाई हो सर, काही झालं न्हाई. झाल्यावर बघून काय करू?"

आष्टीच्या गाडीचा एक ड्रायव्हर होता. त्याला मुलगी झाली होती, दवाखान्यात जागून तो थेट कामावर आला होता. अण्णांनी त्याला मिठी मारली, पेढा खाल्ला, पापणी ओढली आणि झोपायला पाठवला. त्या दिवशी बदली ड्रायव्हर काही मिळेना. आष्टीची गाडी फलाटावर नुसती उभी, आत माणसं घामाघूम, आणि खिडकीसमोर ही गर्दी. एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याने तर अण्णांची आईबहीण काढली. मी शाळेतून घरी चाललो होतो म्हणून हे सगळं पाहिलं. अण्णा खाली मान घालून ऐकत राहिले. अखेर बदली ड्रायव्हर मिळून गाडी गेल्यावर मला म्हणाले, शिव्या खाल्ल्याने पोट बिघडत नाही, चला चहा घेऊ.

हे खूळ घरीही चालायचं. दूधवाला, गॅसवाला, लग्नाला निघालेला नवरदेव, कुणाची सुटका नव्हती. कमलवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या की हे मला बघायला आले तेव्हाही यांनी आधी डोळेच पाहिले, मी उगाच लाजले. यावर अण्णा मिशीत हसायचे.

त्यांना उशिरा झालेली एकुलती एक मुलगी अश्विनी. माझ्या वर्गात होती. हुशार अशी की तिला शिकवताना मला आदल्या दिवशी धडा वाचून जावं लागायचं. पुण्याला इंजिनिअर झाली, मग एका मोठ्या कॉलेजात एमबीएला लागली. तिथल्या मुलांना उन्हाळ्याचे दोन महिने एखाद्या कंपनीत इंटर्न म्हणून राबावं लागतं. काम आवडलं तर कंपनी पुढची पक्की नोकरी तिथेच देऊन टाकते. अश्विनीला मुंबईत एका परदेशी बँकेचं ट्रेडिंग डेस्क मिळालं. आख्ख्या वर्गातून दोघांनाच मिळालं होतं. तोवर निवृत्त झालेल्या अण्णांनी गल्लीत पेढे वाटले, पण कशाचे ते त्यांना नीट सांगता येईना. मग जायच्या आधी तिनेच आम्हाला ओट्यावर बसवून समजावलं. एक लांबच लांब टेबल, प्रत्येकापुढे चार-सहा पडदे, आणि दिवसभर डॉलर नि सरकारी रोखे घ्यायचे-विकायचे.

"म्हंजे आपला धान्याचा मोंढा," अण्णा म्हणाले. "पण मोंढा दुपारी उठतो."

हा उठत नाही, ती म्हणाली. आपला बाजार बंद झाला की लंडनचा रंगात येतो, तो निजायला लागला की अमेरिकेचा. अण्णांनी विचारलं, मग तुझी ड्यूटी कधी सुटते? ती हसली. इंटर्नला सुटायची वेळ नसते म्हणे. साहेब यायच्या आधी यायचं, सकाळचे भाव काढून ठेवायचे, आणि साहेब उठल्यावर उठायचं. असं कुणी सांगतं का? तर नाही, कुणी सांगत नाही. पण जो आधी उठला त्याला नोकरी नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

ती गेल्यापासून अण्णांचं चित्त उडालं. ती फोन करायची ती टॅक्सीतून, अर्धं वाक्य बोलून झोपून जायची. रविवारीही जायची, कारण दुसरा इंटर्न जायचा. एकदा व्हिडिओ कॉलवर अण्णा तिला म्हणाले, मोबाईल जवळ घे, डोळे दाखव. तिने दाखवले नाहीत. नेटवर्क नाही म्हणाली आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या दारात. "चला सर, मुंबईला. साहेब इंग्रजी बोलला तर तुम्ही पाह्यजे."

मी त्यांना परोपरीने सांगितलं की अशा ठिकाणी बापाने जायचं नसतं. ते म्हणाले, माझ्याकडे तर येत होते. ड्रायव्हरचे बाप यायचे, बायका यायच्या, आमच्या माणसाला दोन दिवस रेस्ट द्या म्हणायच्या. कंट्रोलरला विचारायचं नाही तर कुणाला विचारायचं? मी शाळेत रजा टाकली. गेलो.

काचेची इमारत, खाली थंडगार दालन, गुळगुळीत फरशी. अण्णा धोतर सावरत बसले होते, मांडीवर दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. साहेब खाली आले. मला वाटलं होतं कोणी तरी खडूस असेल. पण आला तो तिशीतला पोरगा, बाह्या दुमडलेल्या, नम्र, आणि चांगला आपल्यासारखा मराठी बोलणारा. माझ्या इंग्रजीची काही गरजच पडली नाही. त्याने अण्णांना पाणी आणवलं, अश्विनीचं कौतुक केलं. अण्णांनी हात जोडून सांगितलं की पोरीला दोन दिवस रेस्ट द्या, मी स्वतः आणून सोडतो.

"काका, मी तिला थांबवतच नाही," तो म्हणाला. "ती कधीही घरी जाऊ शकते. आम्ही कुणालाच थांब म्हणत नाही."

"मंग जात का न्हाई कोणी?"

त्याने खांदे उडवले. अण्णा त्याच्याकडे टक लावून पाहत राहिले. मग सवयीने अंगठा पुढे केला. पण तो पोरगा कसा कोण जाणे, हसून पुढे वाकला. पापणीच्या आत रक्तासारखं लाल. अण्णांनी हात मागे घेतला.

"तुमची ड्यूटी कोण लावतं, बाळा?"

तो डोळा चोळत म्हणाला, "तसं कोणी नाही काका. बाजार."

थोड्या वेळाने अश्विनी धावत खाली आली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती घाबरली होती. बापाचा हात धरून हळू आवाजात म्हणाली की अण्णा, शेवटचे थोडे दिवस उरलेत, सगळं यावर आहे, परत येऊ नका. अण्णा म्हणाले, नाही येत. डबा दिला. ती आत गेली तेव्हा त्यांनी पाठीमागून हात केला, तिने पाहिला नाही. परतीच्या गाडीत जालना येईपर्यंत ते एवढंच बोलले, "सर, तिथं कंट्रोलरच न्हाई हो. भांडावं कुणाशी?"

असं हताश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पुढाऱ्याच्या मेव्हण्यापुढे न हललेला माणूस, एका गोड बोलणाऱ्या पोरापुढे पार खचून आला. रोज सकाळी स्टँडवर जाऊन बसायचे, तेही सोडलं.

आणि मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं. जालन्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय फार कमजोर झालंय, मुलीला बोलावून घ्या. मी मोबाईल काढला तर अण्णांनी खाटेवरून हाक मारली. मी कुणाला फोन लावतोय ते त्यांना बरोब्बर समजलं होतं.

डेपोत एक रिवाज होता. गाडी घेऊन गेलेल्या ड्रायव्हरच्या घरून काही वाईट निरोप आला, कुणी गेलं, कुणी भाजलं, तरी तो त्याला वाटेत कळवायचा नाही. हातात स्टेअरिंग आहे, मागे माणसं आहेत. तो परत येईल, गाडी लावेल, कागद जमा करेल, त्याला चहा पाजायचा आणि मग खांद्यावर हात ठेवून सांगायचं. हे सांगायचं काम वर्षानुवर्षं अण्णांकडे होतं. एका ड्रायव्हरला त्यांनी त्याची आई गेल्याचं असंच सांगितलं होतं, तो त्यांच्याच अंगावर कोसळून रडला होता. "ती ड्यूटीवर हाये," अण्णा मला म्हणाले. "शेवटचा आठवडा हाये तिचा. ड्यूटी सुटल्यावर सांगा. त्याच्या आधी बिलकुल न्हाई."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ते म्हणतेत तसंच करा. मला पटत नव्हतं, पण नवरा त्यांचा, मुलगी त्यांची, मरण अण्णांचं. मी कोण? मी मेसेज केला, सुटल्यावर फोन कर, कितीही वाजू देत. तिचं लगेच उत्तर आलं, हो सर, सुटले की करते. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. पुन्हा तेच, काल फार उशीर झाला, तुम्ही झोपला असाल म्हणून केला नाही, आज नक्की. तिला काय वाटणार? मी नेहमीच तिची चौकशी करायचो. याहून जास्त लिहावं तर अण्णांचा शब्द मोडतो, आणि खोटं लिहायला माझा हात वळेना.

अण्णा मात्र जरा जाग आली की विचारायचे, सुटली का? आम्ही म्हणायचो, अजून नाही. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचे, ओठांतल्या ओठांत हिशेब करायचे, पुन्हा डोळे मिटायचे. वहिनी पाय चेपत बसलेल्या. बाजूच्या खाटेवरचा हसनाबादचा म्हातारा म्हणाला, कुणाची वाट पाहून राह्यले हे? मी बाहेर निघून गेलो. परत आलो तर अण्णा जागे होते.

"सर," ते म्हणाले, "मी लई गाड्या सोडल्या. रात्री-अपरात्री का होईना, समद्या येऊन लागल्या. ही कुठली गाडी हो? कुठं लागतच न्हाई."

तेच त्यांचं शेवटचं बोलणं. उजाडता उजाडता ते गेले.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला, अण्णांच्या अंगावरची चादर नीट केली आणि भिंतीला टेकून बसल्या. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात आलो. कुणाकुणाला कळवायचं ते मनात जुळवत होतो, तोच हातातला मोबाईल वाजला. अश्विनी.

तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. रागावू नका सर, म्हणाली, कालही राहून गेलं. आज तिचं शेवटचं प्रेझेंटेशन होतं, ते झालं की सुटलीच. साहेबांनी काल जाता जाता म्हटलं होतं की तुझं काम जवळजवळ पक्कं समज. गेटवरच उभी आहे, आज आत गेल्यावर फोन जमा करावा लागेल, म्हणून आधी इकडे लावला. "अण्णा उठले असतील ना? घरी फोन उचलत नाही कुणी. तुम्ही जरा द्या ना त्यांना, दोनच मिनिटं."

दारातून वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. अण्णांच्या शब्दाप्रमाणे मला म्हणायला हवं होतं की ते झोपलेत, तू जा, सुटल्यावर कर. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. संध्याकाळपर्यंत अंत्यविधी थांबवता आला असता, नोकरी हातात आली असती, सगळं रिवाजाप्रमाणे झालं असतं. पण सुटेल कधी, हे मला कुणी सांगणार होतं का?

"सर? ऐकू येतंय का?" ती म्हणाली. "मी आत चाललेय."

मी म्हणालो, "अश्विनी, आत जाऊ नको."