फिटनंतरचं हसू

सोलापुरात मेंदूच्या डॉक्टरांकडे वडिलांना घेऊन बसलो होतो. शेजारी वळसंगची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. पार्किन्सन्समुळे त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती, उजवा हात मात्र सारखा थरथरत होता. तो तिनं पदराखाली धरून ठेवला होता.

"मागल्या म्हैन्यात ह्यास्नी फिट आली," ती मला म्हणाली. "थांबंचना. मला वाटलं, संपलं आता. पर शुद्धीवर आले आन् हात हलायचा थांबला की वो! सोता सदऱ्याची बटनं लावली. माझ्याकडं बघून हसले, लई वर्सांनी."

"मग?"

"चार-आठ दिसांत परत हाय तसंच."

फिटनं माणूस बरा कसा होईल, मला कळेना. "डॉक्टरांना विचारलंत?"

"इचारलं की. असं कवातरी हुतं म्हनले. पर पुन्ना फिट आली तर जिवावर बेतंल, गोळी चुकवू नका."

तिनं पिशवीतून फिटची गोळी काढून त्याच्या ओठांशी नेली. तिचा हात तिथंच थांबला.

"रोज देते, भाऊ. पर देताना वाटतं, ह्यांचं हसू मीच आडवतीया का?"

मी पाण्याची बाटली तिच्यापुढं धरली.